तारेचा दोर वळणाऱ्या रोबलिंगच्या गावांतून

अमेरिकेला जाऊन आलेल्या मराठी घरात ब्रुकलिन पुलावरचा एखादा फोटो असतोच. त्या पुलाची आखणी करणारा जॉन ऑगस्टस रोबलिंग जर्मनीहून आलेला होता, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्याचं घर चाललं, पैसा आला आणि पोरांच्या पुढच्या पिढ्या उभ्या राहिल्या त्या पुलांवर नव्हे, तारेचे दोर वळण्याच्या कारखान्यावर. मुंबईच्या गोदीत क्रेनच्या देखभालीवर माझी नोकरी झाली. वायर रोपला ग्रीस लावायचं, पेडातल्या तुटलेल्या तारा मोजायच्या, ठरलेल्यापेक्षा जास्त तुटल्या की दोर उतरवून भंगारात द्यायचा, हे माझं रोजचं काम. ज्याच्या भरवशावर आम्ही डोक्यावरून टनावारी माल नेत होतो तो दोर अमेरिकेत पहिल्यांदा कोणी वळला, ते गाव बघायचं माझ्या मनात फार वर्षांपासून होतं. न्यू जर्सीतल्या भाच्याने सुट्टी काढली, हिने भाकऱ्या आणि चटणीचा डबा भरून घेतला, आणि ऑक्टोबरच्या एका आठवड्यात आम्ही निघालो.

सोमवार : पिट्सबर्ग

इथे मुक्काम फक्त रात्रीपुरता, पण संध्याकाळ वाया जाऊ दिली नाही. एप्रिल १८४५ मध्ये या शहरात मोठी आग लागली आणि मनाँगहेला नदीवरचा लाकडी पूल जळाला. त्याच्याच जुन्या खांबांवर रोबलिंगने तारेच्या केबलींचा झुलता पूल उभारला, १८४६ मध्ये. तो आता नाही. त्या जागी स्मिथफील्ड स्ट्रीटचा १८८३ चा लोखंडी पूल आहे. तो चालत ओलांडला की पलीकडेच डोंगरावर चढणारी मनाँगहेला इन्क्लाइन लागते. १८७० पासून ती दोराने खेचली जाते, आणि अजून लोक तिने कामावर ये-जा करतात. डबा वर जाताना मी खिडकीतून शहर बघितलंच नाही, खालून सरकणारा दोर बघत बसलो. वर पोचल्यावर मात्र दोन नद्या एकत्र येऊन तिसरी होते ती जागा आणि तिच्यावरचे एकामागे एक पूल पाहून बोलणं थांबलं.

जेवायला पिएरोगी खाल्ल्या. बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्याच त्या, वर तळलेला कांदा. शाकाहारी माणसाची पिट्सबर्गमध्ये उत्तम सोय होते.

मंगळवार : सॅक्सनबर्ग

पिट्सबर्गहून चाळीसेक किलोमीटर उत्तरेला, टेकड्यांच्या एका धारेवर वसलेलं हे छोटं गाव. मुख्य रस्ता धारेवरून सरळ जातो, दोन्ही बाजूंना घरं रस्त्याला खेटून, आणि प्रत्येक घरामागे उतारावर लांबच लांब पट्टी. ही आखणी रोबलिंगची. रस्त्याच्या वरच्या टोकाला पांढरं चर्च. मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल झाली होती आणि हवेत चांगलाच गारठा होता.

रोबलिंगचा जन्म १८०६ चा, थुरिंजियातल्या म्युलहाउझेनचा. वडलांचं तंबाखूचं दुकान. आईने पै-पै जमवून पोराला शिकवलं, तो बर्लिनला जाऊन स्थापत्य शिकला. पण प्रशियाच्या सरकारी नोकरीत प्रत्येक खडीच्या ढिगाला वरिष्ठांची परवानगी लागायची. १८३१ मध्ये तो आणि त्याचा भाऊ कार्ल गावातली माणसं घेऊन ब्रेमेनहून जहाजात बसले आणि अकरा आठवड्यांनी फिलाडेल्फियाला उतरले. इथे बटलर परगण्यात दोघांनी सुमारे १,६०० एकर जमीन घेतली. इंजिनीअर माणूस शेतकरी व्हायला आला होता. शेती काही जमली नाही. १८३७ साली तीन गोष्टी झाल्या: रोबलिंग अमेरिकेचा नागरिक झाला, थोरला मुलगा वॉशिंग्टन जन्मला आणि भाऊ कार्ल गेला. मग तो कालव्यांच्या आणि रेल्वेच्या मोजणीच्या कामावर परत गेला.

त्या कामात त्याला ॲलेगनीच्या डोंगरावर अंबाडीसारख्या तंतूचे जाडजूड दोर तुटताना दिसले. (तो डोंगर आम्ही दुसऱ्या दिवशी पाहणार होतो.) जर्मनीत हार्ट्‌झच्या खाणींत, क्लाउस्टालला, विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या खाण-अधिकाऱ्याने १८३४ मध्ये लोखंडी तारा पिळून दोर केला होता. ती बातमी रोबलिंगच्या वाचनात आली. १८४१ मध्ये त्याने सॅक्सनबर्गच्या चर्चमागच्या कुरणात तारेचा दोर वळायला घेतला.

मी त्या कुरणाच्या कडेला बराच वेळ उभा होतो. आता तिथे नुसतं गवत आहे. कारखाना म्हणजे छप्पर, यंत्रं, धुराडं असं आपण धरून चालतो. इथे होतं फक्त लांब, सपाट मैदान. तार बाहेरून विकत आणायची. मैदानभर ती पसरायची, एका टोकाला अडकवायची, दुसऱ्या टोकाला पीळ द्यायचा आणि मधल्या माणसांनी पेड सांभाळत चालत राहायचं. सगळं हाताने. माणसं कोण, तर शेजारचे शेतकरी. म्युलहाउझेनकडून आलेले विणकर, शिंपी, सुतार, जे इथे नांगर धरायला शिकत होते. मागणी आली की निरोप जायचा, लोक शेतं सोडून यायचे, आणि काम चालेल तितके दिवस त्यांचं खाणंपिणं रोबलिंगच्या घरातून व्हायचं. घरची बाई योहाना हेर्टिंग, गावातल्या शिंप्याची मुलगी. दोर वळणाऱ्यांच्या इतिहासात तिचं नाव कोणी घेत नाही, पण एवढ्या माणसांना दिवसातून कितीदा तरी वाढणं हेही त्या कारखान्याचंच काम होतं. हे मी नाही, आमच्या हिने तिथल्या तिथे म्हटलं, आणि ते मला मनापासून पटलं.

रोबलिंगची लाकडी कार्यशाळा आता गावातल्या बागेत आहे, शेजारी संग्रहालय. तिथे एक सत्तरीच्या पुढचे स्वयंसेवक भेटले. मी गोदीत वायर रोपवर काम केलंय असं भाच्याने सांगितल्यावर त्यांनी दोराचा एक तुकडा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "हा तुम्ही वापरला असता का?" मी पीळ बघितला, तारांची झीज बघितली, आणि म्हटलं, वापरला असता, पण आधी तेल दिलं असतं. त्यांना फार आनंद झाला. मग त्यांनी त्यांच्या लहानपणीचं गाव सांगायला सुरुवात केली आणि आमचं दुपारचं जेवण तीन वाजता झालं.

माझ्या आजोळी विहिरीवर मोट होती. तिचा नाडा एका जागी विरला की सगळाच तुटायचा, कारण आतलं कुजणं बाहेरून दिसत नाही. तारेच्या दोरात सहसा तसं होत नाही. एक तार तुटली तर बाकीच्या भार वाटून घेतात, आणि तुटलेलं टोक बाहेर डोकावून इशारा देतं. जाडी कमी, वजन कमी, पावसाने कुजत नाही. १८४२ मध्ये रोबलिंगने त्याचं पेटंट घेतलं.

जायचं असेल तर: संग्रहालय रोज उघडं नसतं, आधी वेळा पाहून घ्या. पिट्सबर्गहून सार्वजनिक वाहनाने जाणं अवघड आहे, गाडी हवीच. गावात दोनतीन खाण्याच्या जागा आहेत, सूप आणि ब्रेड मिळतो. मुख्य रस्ता चालतच पाहा, आणि चर्चच्या मागे जायला विसरू नका. तिथे मोठी पाटी दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

बुधवार : क्रेसनचा डोंगर

सकाळपासून पाऊस. क्रेसनला पोचेपर्यंत धुकं इतकं दाट झालं की भाच्याने वेग अगदी कमी केला. हा ॲलेगनी डोंगराचा माथा, सुमारे ७०० मीटर उंचीचा. इथे ॲलेगनी पोर्टेज रेलरोडचं राष्ट्रीय स्मारक आहे.

फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गला माल कालव्याने यायचा, मध्ये हा डोंगर आडवा. बोट डोंगर कशी ओलांडणार? १८३४ मध्ये त्यांनी उपाय काढला: होलिडेजबर्ग ते जॉन्सटाउन ३६ मैलांचा मार्ग, त्यात दहा उतार. प्रत्येक उताराच्या माथ्यावर वाफेचं इंजिन. रुळांवरच्या गाड्यांवर बोटी चढवायच्या, दोराने वर खेचायच्या, आणि पलीकडे उतरवायच्या. पुढे तर बोटीच तुकड्या-तुकड्यांत सुट्या होतील अशा बांधायला लागले. पूर्वेच्या बाजूने चढ सुमारे १,४०० फुटांचा. सगळा भार दोरावर. आणि दोर वर्ष-दोन वर्षांत झिजायचे, तुटायचे, आणि तुटले की गाडी, माल, माणसं खाली.

सहाव्या उताराच्या माथ्यावर इंजिनघराची प्रतिकृती आहे. आतली चाकं, पुल्या आणि दोराचा मार्ग पाहून मी एकेक गोष्ट ओळखत गेलो. आमच्या क्रेनवर होतं तेच गणित इथे आडवं, जमिनीवर मांडलेलं. दगडी ठोकळ्यांवर रूळ बसवलेले, आणि लाकडी पायवाटेने उताराच्या कडेने खाली जाता येतं. धुक्यात तो उतार दहा पावलांवर नाहीसा होत होता. बोटीत बसून या डोंगराच्या अंगावरून जाताना त्या काळच्या प्रवाशांच्या पोटात काय गोळा आला असेल, ते समजायला त्या दिवशीचं हवामान योग्यच होतं.

रोबलिंगने इथे आपला दोर लावायची परवानगी मिळवली. पहिला दोर कोणीतरी कापला, असं सांगितलं जातं, आणि बोट दाखवलं जातं ते तागा-अंबाडीच्या दोरवाल्यांकडे. त्यांचा धंदा बुडणार होता, तेव्हा ते अशक्य नाही. पण दोर टिकला, आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या उतारांवर तारेचेच दोर आले. सॅक्सनबर्गच्या कुरणाला खरी मागणी मिळाली ती इथून. १८५४ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा डोंगरमार्ग पूर्ण झाला आणि हा सगळा खटाटोप बंद पडला. दोराचा जन्म ज्या कामासाठी झाला ते काम वीस वर्षांतच संपलं, दोर मात्र तोवर खाणींत, जहाजांवर आणि पुलांवर पोचला होता. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे मला सगळ्यात आवडतं.

शेजारी लेमन हाउस आहे, त्या काळच्या प्रवाशांची खानावळ. तिथल्या पडवीत उभं राहून आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वनखात्यासारखी टोपी घातलेली तिथली रेंजर मुलगी कुतूहलाने बघत होती, तिलाही हिने एक तुकडा दिला. "तिखट आहे," म्हणाली, आणि अजून मागितला.

पावसाळी जोडे न्या, लाकडी पायवाट निसरडी होते. वेळ असेल तर जॉन्सटाउनकडचा स्टेपल बेंड बोगदाही पाहा: ९०१ फूट लांब, अमेरिकेतला पहिला रेल्वे बोगदा. आम्हाला पावसामुळे तो सोडावा लागला.

गुरुवार : लॅकवॅक्सन

सकाळी लवकर निघून दिवसभर गाडी. दुपार कलल्यावर डेलावेअर नदीच्या काठावर पोचलो. पाऊस थांबला होता, नदी भरून वाहत होती.

कोळसा वाहून नेणाऱ्या डेलावेअर अँड हडसन कालव्याला ही नदी ओलांडायची होती. आणि याच नदीतून लाकडाचे मोठाले तराफे खाली यायचे. कालव्याच्या बोटी आडव्या, तराफे उभे, रोज खोळंबा आणि भांडणं. रोबलिंगने उपाय दिला तो पाण्याचा पूल: नदीच्या वरून लाकडी नळीसारखा पाट, तारेच्या केबलींनी तोललेला, त्यातून बोटी जाणार. त्या कालव्यावर त्याने असे चार पूल बांधले. हा एकच उरला. १८४८ मध्ये बांधून झाला आणि पुढल्या वर्षी वापरात आला. लांबी ५३५ फूट, चार गाळे, दोन केबली साडेआठ इंच जाडीच्या. १८९८ मध्ये कालवा बंद झाल्यावर पाट कोरडा करून त्याचा टोलचा रस्ता केला. १९८० मध्ये तो राष्ट्रीय उद्यान खात्याने घेतला आणि दुरुस्त केला. त्यावरून आजही गाड्या जातात.

आणि केबली? मूळच्याच. घडीव लोखंडाच्या तारा, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बरेच जण गोंधळतात. क्रेनचा किंवा लिफ्टचा दोर पिळलेला असतो, कारण त्याला चाकावरून वाकायचं असतं. झुलत्या पुलाची केबल वाकत नाही, म्हणून तिच्यातल्या तारा न पिळता शेजारी शेजारी समांतर ठेवतात, घट्ट दाबतात आणि वरून तारेनेच गुंडाळतात. इथे ते गुंडाळणं हात लावून पाहता येतं. एकेक वेढा दुसऱ्याला चिकटलेला, कुठे फट नाही. मी नोकरीत तपासणीचा माणूस. असं काम पाहिलं की करणाऱ्याविषयी मनात आदर दाटून येतो. भाचा म्हणाला, "मामा, चला आता, अंधार पडतोय." मी अजून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलो.

एकेरी पूल आहे, समोरून गाडी आली तर थांबा. न्यूयॉर्कच्या बाजूला जुनं टोलघर आहे. फोनला इथे सिग्नल नीट मिळत नाही, नकाशा आधी उतरवून ठेवा.

शुक्रवार : ट्रेंटन

रात्री भाच्याच्या घरी पोचलो होतो. आपली माणसं मोठ्या संख्येने राहतात ती एडिसन, प्लेन्सबरो वगैरे गावं ट्रेंटनहून जवळ. तरी ट्रेंटनला मुद्दाम गेलेला मराठी माणूस मला त्या घरच्या जेवणावळीत एकही भेटला नाही. गावात गरिबी दिसते, पडके कारखाने दिसतात, हे खरं. पण दिवसा मुख्य रस्त्यांनी फिरायला आम्हाला काही अडचण आली नाही, आणि लोक विचारलं की थांबून सांगतात.

डेलावेअरवरच्या एका पुलावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ट्रेंटन बनवतं, जग घेतं. संध्याकाळी ती अक्षरं उजळतात. एके काळी ते खरंच होतं: चिनीमातीची भांडी, रबर, पोलाद, आणि रोबलिंगचे दोर. १८४९ च्या सुमारास त्याने सॅक्सनबर्ग सोडून कारखाना इथे हलवला. पीटर कूपरचा लोखंडाचा कारखाना इथे होता, कालवा होता, रेल्वे होती, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया दोन्ही बाजार हाकेवर. कुरणातला धंदा आता छपराखाली आला आणि पुढे तारही घरचीच ओढली जाऊ लागली.

त्याच सुरुवातीच्या काळात यंत्रात सापडून त्याचा डावा हात कायमचा अधू झाला. बासरी वाजवायचा छंद होता, तो सुटला. कारखानदाराने स्वतःच्या यंत्रावर हात गमावणं, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या पुलांपेक्षा त्याच्या जवळ नेते. पण सगळंच गोड सांगणं बरोबर नाही. तो घरात अतिशय कठोर होता. मुलांना फार मारायचा, हे वॉशिंग्टनने स्वतः लिहून ठेवलंय. गुलामगिरीचा तो कट्टर विरोधक होता आणि स्वतःच्या घरात मात्र दहशत होती. एवढं मोठं काम करणाऱ्या माणसाची ही बाजू झाकून ठेवावी असं मला वाटत नाही.

दक्षिण क्लिंटन ॲव्हेन्यूवर कारखान्याच्या विटांच्या इमारती अजून आहेत. काहींत कार्यालयं, काहींत राहती घरं झाली आहेत. कॅडवॉलडर पार्कमध्ये त्याचा बसलेला ब्राँझचा पुतळा आहे, १९०८ सालचा. त्याला पुरलं तेही याच गावात, रिव्हरव्ह्यू स्मशानभूमीत.

जेवणात इथला टोमॅटो पाय नक्की खा. पिझ्झाच, पण आधी चीज आणि त्यावर टोमॅटो, त्यामुळे टोमॅटोची चव ताजी राहते. हिला तो इतका आवडला की दुसऱ्या दिवशीसाठी बांधून घेतला.

शनिवार : रोबलिंग नावाचं गाव

ट्रेंटनहून रिव्हर लाइन नावाची छोटी गाडी डेलावेअरच्या काठाने कॅमडेनपर्यंत जाते. तिच्यावर रोबलिंग हेच स्टेशन आहे. भाच्याला मोटार काढू न देता आम्ही या रेल्वेनेच गेलो. तिकीट फलाटावरच्या यंत्रातून काढून शिक्का मारून घ्यावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

जॉनच्या मागे धंदा मुलांनी वाढवला. फर्डिनंड पैसा आणि बाजार बघायचा, चार्ल्स कारखाना. तारेसाठी लागणारं पोलाद स्वतः करायचं ठरलं तेव्हा ट्रेंटनमध्ये जागा पुरेना, म्हणून दहा मैलांवर नदीकाठी चार्ल्सने १९०४ नंतर नवा कारखाना आणि त्याच्याबरोबर एक अख्खं गाव बांधलं. साडेसातशेच्या आसपास विटांची घरं, दुकान, सभागृह, खेळाचं मैदान. नदीकडची मोठी सुटी घरं अधिकाऱ्यांची, आतली ओळीने जोडलेली कामगारांची. आता कामाला आले होते हंगेरी, रुमानिया, स्लोव्हाकिया, पोलंड, स्वीडनचे लोक. जर्मनीहून आलेल्याच्या मुलांकडे नवे परके नोकरी मागायला आले होते.

कामगार ज्या मुख्य फाटकातून आत जायचे त्याच इमारतीत आता रोबलिंग संग्रहालय आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल, १९३७ चा, याच कंपनीच्या तारेवर उभा आहे: एकेका केबलीत २७,५७२ तारा, सगळी मिळून ८०,००० मैल तार. तिचा छेद पाहिला की कळतं, एवढा मोठा पूल शेवटी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तारांचाच आहे.

संग्रहालयात एक आजी भेटल्या. आजोबा हंगेरीहून आलेले, वडील आणि दोन काका तार ओढण्याच्या खात्यात. आमची ही लालबागला गिरणीच्या भोंग्यावर वाढलेली. "तुमच्याकडे भोंगा व्हायचा का?" हिने विचारलं. भाच्याने अर्थ सांगितला. "व्हायचा तर! पाळी बदलली की आई चुलीवर पातेलं ठेवायची," आजी म्हणाल्या. मग त्या दोघींचं जे सुरू झालं त्यात आम्हा दोघांना जागाच उरली नाही. भाडं पगारातून कापलं जायचं का, दुकानात उधारी चालायची का, कोणाचा हात गेला, कोणाला कंपनीने सांभाळलं, कोणाला नाही. आजींनी कंपनीची बाजूही घेतली आणि तक्रारही केली, दोन्ही मनापासून. घर चांगलं होतं, गरम पाणी होतं, पण नोकरी गेली की घर गेलं. १९४७ मध्ये कंपनीने घरं राहणाऱ्यांनाच विकायला काढली. १९५३ च्या सुमारास रोबलिंग घराण्याने कंपनीच विकली आणि १९७४ मध्ये पोलाद कारखाना बंद झाला. मागे जमिनीत इतकं विष उरलं की १९८३ पासून ती सरकारच्या सफाईच्या यादीत गेली. आता बराच भाग साफ करून हिरवळ केली आहे. हिने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे घरं तरी राहिली ना?" राहिली आहेत, आणि माणसंही राहतात. परसात भोपळे, कुंपणाला वेल, पायऱ्यांवर मुलं. गिरणगावात काय झालं ते आठवून ही बराच वेळ बोलली नाही.

संग्रहालय ठरावीक दिवशीच उघडं असतं आणि थंडीत बंद असू शकतं, म्हणून आधी खात्री करा. न्यू जर्सीत मुलांकडे दोन-तीन महिने राहायला येणाऱ्या आईवडलांनी इथे अवश्य यावं. गर्दी नाही, चालायला सोपं, आणि बोलायला माणसं आहेत.

रविवार : ब्रुकलिन

शेवटी पूल. सकाळी आठ वाजता ब्रुकलिनच्या बाजूने चढलो, म्हणजे ऊन पाठीवर आणि मॅनहॅटन समोर. सायकलींची वाट २०२१ पासून वेगळी केल्यामुळे आता निवांत चालता येतं. वारा मात्र बोचरा, कान झाकायला काहीतरी हवंच.

चढण्याआधी खाली फुल्टन फेरीच्या धक्क्यावर गेलो. २८ जून १८६९ ला पुलाची जागा निश्चित करताना रोबलिंग इथेच उभा होता. बोट धक्क्याला लागताना त्याचं पाऊल चिरडलं. डॉक्टरांवर त्याचा विश्वास नव्हता, पाण्याच्या उपचारावर होता. धनुर्वात झाला आणि २२ जुलैला तो गेला. काम वॉशिंग्टनने घेतलं. पाण्याखालच्या पायाच्या पेट्यांत काम करून त्यालाही आजार जडला, आणि मग त्याची बायको एमिली गणित, बांधकामाचं साहित्य, केबलींची आकडेमोड शिकून त्याच्या आणि कामावरच्या इंजिनीअरांच्या मधला दुवा झाली. पूल २४ मे १८८३ ला सुरू झाला. पुलाखालच्या चौकाला आता एमिलीचं नाव आहे.

पण मला सांगायचंय ते तारेविषयी. पुलाची तार रोबलिंगच्या कारखान्याची असेल असं सगळे धरून चालतात. नाही. मुख्य इंजिनीअरचा ज्या कंपनीत हिस्सा आहे तिने बोली लावू नये, असा ठराव विश्वस्त एब्रम ह्यूइटने आणला आणि तो मंजूर झाला. कंत्राट गेलं ब्रुकलिनच्या जे. लॉइड हेगकडे. १८७८ मध्ये उघड झालं की तपासून पास झालेली तार पुलाकडे नेताना वाटेत बदलून नापास तार पाठवली जात होती. तोवर ती केबलींत गेली होती, बाहेर काढणं शक्य नव्हतं. वॉशिंग्टनने हिशेब केला: केबली सहापट ताकदीच्या धरून आखल्या होत्या, खराब तार धरूनही पाचपट ताकद उरत होती. मग प्रत्येक केबलीत दीडशेच्या आसपास चांगल्या तारा हेगच्या खर्चाने वाढवून घेतल्या.

भाचा चालता चालता थांबला. "म्हणजे त्या खोट्या तारा अजून आतच आहेत, मामा?"

"आहेत."

त्याने केबलीकडे पाहिलं, मग खालून जाणाऱ्या गाड्यांकडे. मी त्याला सांगितलं की आमच्या गोदीतही हाच नियम होता: जेवढं उचलायचं त्याच्या कितीतरी पट ताकदीचा दोर घ्यायचा, कारण कुठेतरी कोणीतरी चूक किंवा चोरी केलेली असणारच हे धरून चालायचं. जॉन रोबलिंग ज्या लोकांकडून दोर वळून घ्यायचा ते नवशिके शेतकरी होते. त्याच्या आखणीत ती सूट पहिल्यापासून होती, आणि तिनेच हा पूल वाचवला असं माझं मत आहे. बुरुजांवरून पंख्यासारख्या पसरलेल्या तिरप्या दोऱ्याही त्याच सावधपणातून आल्या आहेत.

मॅनहॅटनकडे उतरल्यावर दक्षिणेला थोडं चाललं की खाण्याच्या पुष्कळ जागा आहेत, पण रविवारी सकाळी रांग असते. आम्ही कालचा बांधून आणलेला टोमॅटो पाय बाकावर बसून खाल्ला. भाचा फोनवर सिनसिनाटीचं अंतर बघत होता. तिथे ओहायो नदीवर रोबलिंगचा १८६६ मध्ये पूर्ण झालेला पूल आहे, १,०५७ फुटांच्या गाळ्याचा, आणि तो त्याने स्वतः पुरा झालेला पाहिला होता. वसंतात जायचं ठरलंय.